धोंडोपंतांची माहेरवाशीण

पुण्याच्या एका प्राध्यापकानं माझ्या भाडेकरूला फसवलं. भाडेकरू आता नगरात नाहीत. कुठं आहेत ते मला माहीत नाही. प्राध्यापक मात्र पुण्यातच आहेत आणि त्यांच्या बंगल्याचं फाटक मी पाहिलेलं आहे. दोघांचीही नावं इथं लिहीत नाही. भाडेकरूंना ते आवडलं नसतं. प्राध्यापकांना वाचताक्षणी कळेल की हे आपल्याबद्दल आहे, आणि माझं काम तेवढ्यानं भागतं.

आमच्या आळीत भाडेकरूंना धोंडोपंत म्हणत. खोलीत माणूस एक आणि धोंडे पोत्यानं, म्हणून धोंडोपंत. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं आहे. माझ्या खऱ्या नावाला काही अर्थच नाही."

मी दगडाच्या धंद्यातला माणूस. कर्जत तालुक्यातून नगरला आलो तेव्हा दुसऱ्याच्या खाणीवर घण मारत होतो. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा खाण माझी होती आणि छावणीच्या रस्त्यांना खडी पुरवण्याचा ठेकाही माझा होता. मधल्या काळात मी काय केलं असं लोक विचारतात. घासाघीस केली. जन्मभर दुसरं काही केलं नाही. समोरच्याला काय हवंय ते आधी ओळखायचं, मग आपला भाव बोलायचा. ज्याला काहीच नकोय अशा माणसाशी सौदा होत नाही, हे मला पंत भेटेपर्यंत माहीत नव्हतं, कारण असा माणूसच भेटला नव्हता.

ते छावणीत खडी तपासायला लागले होते. लढाईपुरती तात्पुरती नोकरी. माझी पहिलीच गाडी त्यांच्यापुढं रिकामी झाली. उंच, वाळलेला, साठीकडं झुकलेला, खाकी कोट घातलेला माणूस ढिगापाशी उकिडवा बसला, एक दगड उचलला आणि चाटला. मी बघतच राहिलो.

"हा कुजलेला दगड आहे," ते म्हणाले.

"कुजायला ती काय भाजी हाय का?" मी म्हटलं. राग आला की माझी बोली कर्जतची होते.

"भाजीच. जरा सावकाश नासते इतकंच. गाडी परत न्या."

मी आवाज चढवला. मग उतरवला. चहा पाजतो म्हटलं. त्यांच्या साहेबाची आणि माझी ओळख आहे, असं सुचवून पाहिलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले, "गाडी परत न्या." मी शिव्या घालत बैल जुंपायला लावले, तेव्हा मागून हाक आली.

"ठेकेदार, तुमच्याकडे भाड्याची खोली आहे का? उजेड नसला तरी चालेल. जमीन भक्कम हवी."

अशी खोली कुणी मागितलेली मी ऐकली नव्हती. माझं घर मी माझ्याच खाणीच्या काळ्या दगडानं बांधलेलं. रस्त्याकडच्या ओट्यालगत एक खोली रिकामी होती. दोन दिवसांनी स्टेशनवरून हमाल खोकी घेऊन आले. एकानं खोकं टेकवून कमरेला हात लावला आणि विचारलं, "काय भरलंय साहेब, सोनं?"

"छे," पंत म्हणाले. "सोनं असतं तर तुम्हाला हललंही नसतं."

रोज सकाळी ते ओट्यावर बसून दगड धूत. बाहेर माझी एक जुनी दगडी डोणी होती, तिच्यात पाणी भरायचं, एकेक दगड बुडवायचा, जुन्या दातवणाच्या काडीनं खाचा घासायच्या आणि मग जिभेच्या टोकानं चाटून उन्हात धरायचा. ओला दगड खरा रंग दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोणीत पाणी असताना चाटायचं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाले, "पाण्यानं रंग कळतो. ओळख होत नाही."

आमच्या घरातल्या बाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि दारातूनच विचारलं, "भाऊजी, मीठ लावून देऊ का?"

"नको वहिनी. हा जात्याच खारट आहे."

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. मला धंद्याच्या फिरतीत घरी बोलायला वेळ नसे. तिला बोलायला माणूस मिळाला आणि पंतांना ऐकणारं. ती चूल फुंकत असायची आणि ते उंबऱ्याबाहेर बसून तिला पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते सांगत असायचे. तिच्या शंका असत. "इतकं तापतं म्हणताय तर आपल्या आडाचं पानी गार कसं?" त्यांना अशी शंका आली की आनंद व्हायचा. ते उठून फेऱ्या मारत आणि म्हणत, "बरोबर विचारलंत. अगदी बरोबर विचारलंत."

आमच्या नगरच्या काळ्या दगडाबद्दल त्यांना आदर नव्हता. मला याचा राग यायचा, कारण माझी रोजीरोटी त्याच्यावर. ते म्हणत, "ठेकेदार, तुमचा दगड कालचा पोर आहे. वरून वाहत आला आणि थिजला. त्याच्या अंगावर कधी ओझं पडलं नाही. त्याच्याशी काय बोलणार?"

"मग आलात कशाला इथं?"

"याच्या खाली माझे दगड आहेत म्हणून. या काळ्या थरांच्या खाली, खूप खोल. इथं बसलं की वाटतं, आपण त्यांच्या छपरावर बसलोय."

आसपास कुठं विहीर खणायला घेतली की पंत तिथं जात. सुप्याला एक खोल विहीर चालू होती, तिथं तर ते रोज सायकल मारत गेले. विहिरीवरचे वडार त्यांच्यासाठी गारगोट्या काढून ठेवत. पांढऱ्याशुभ्र, सुया सुया असलेल्या, हातात धराव्या अशा देखण्या. पंत त्यांच्याकडं ढुंकून बघत नसत. "अजून खाली," म्हणत. अजून खाली काळाच दगड लागला, मग पाणी लागलं, आणि मालकानं पेढे वाटले. पंत पेढा हातात धरून पाण्याकडं बघत उभे होते, घरच्या माणसाला पोचवून आल्यासारखे. गारगोट्या आमच्या आळीतल्या बायकांनी वाटून घेतल्या.

त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे यायचे. जाताना आणि येताना. कुठलीही वस्तू, कुठलाही माणूस दाखवा, ते विचारणार, "हा जातोय की येतोय?" प्रथम मला वाटलं, माणूस जरा हललेला आहे. मग एकदा त्यांनी मला समोर बसवलं आणि तो दगड दाखवला.

नारळाएवढा होता. एक बाजू फोडून घासून तुकतुकीत केलेली. करड्या अंगात पांढऱ्या नागमोडी रेघा, आणि मधेमधे डाळिंबाच्या दाण्यासारखे तांबडे खडे. प्रत्येक खड्याभोवती निळसर करडी कड होती, जणू कुणी बोटानं काढली असावी.

"हा चिखल होता," पंत म्हणाले. "समुद्राच्या तळाचा. मग जमिनीच्या पोटात गेला. जसजसा खाली जाईल तसतसं वरचं ओझं वाढतं आणि ऊबही वाढते. तेव्हा चिखलाचे कण मोडून त्याचं अभ्रक झालं आणि अभ्रकातून हे तांबडे खडे तयार झाले. ओझ्याखालीच बनतात ते. हा झाला जातानाचा प्रवास."

"आणि मग वितळला," मी म्हटलं. भट्टी मी पाहिलेली होती.

"सगळे असंच म्हणतात. दगड वितळायचा तर आणखी खाली गेला पाहिजे. मी म्हणतो, नाही. खाली ओझ्यानं त्याला धरून ठेवलेलं असतं. मग वरचे डोंगर झिजतात आणि हा वर यायला लागतो. ओझं उतरतं, पण ऊब उतरत नाही, कारण दगड फार सावकाश निवतो. अशा वेळी अभ्रक मोडतं, त्यात कोंडलेलं पाणी सुटतं, आणि दगडाला पाझर फुटतो. ही पांढरी रेघ म्हणजे तो पाझर, नंतर थिजलेला. आणि हा तांबडा खडा बघा. खाली तो सुखात होता. वर यायला लागल्यावर त्याला करमेना. कडेनं विरत गेला. ही निळी कड म्हणजे तो जे होता आणि जे झाला, त्याच्या मधली जागा."

"मग याचा उपयोग काय?"

"यावरून माझी नोकरी गेली," ते म्हणाले.

दक्षिणेत कुठल्याशा खाणीच्या खात्यात ते होते. वरच्या साहेबाचं मत दगड खाली वितळतो असं. पंतांचं मत दगड वर येताना वितळतो असं. साहेब म्हणाला, लिहून द्या की चुकलं. पंतांनी दगड खोक्यात भरले आणि निघून आले. त्या सगळ्या दगडांत हा एकच असा होता की ज्यात सगळी हकिगत दिसते, तांबडा खडा, निळी कड आणि पाझर, एकमेकांना चिकटून. बाकीचे साक्षीदार अर्धवट बोलतात, हा एकटा पुरी साक्ष देतो, असं ते म्हणत.

मी आयुष्यभर दगड फोडला आणि विकला. दगड कुठून आला असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी खाणीवर गेलो तेव्हा घण घेतलेल्या माणसाला उगीचच ओरडलो.

व्यवहारात मात्र पंत अगदीच कामातून गेलेले. थंडीत त्यांना घोंगडी हवी होती. मी म्हटलं, मी येतो, तुम्ही तोंड उघडू नका. बाजारात एक म्हातारा धनगर बसला होता. मी सुरुवात केली. लोकर आखूड आहे, कड सैल आहे, वास येतोय. म्हाताराही मुरलेला. "मेंढराची हाय, वास मेंढराचाच येनार. अत्तराचा कुठनं आनू?" सौदा रंगात आला होता. तेवढ्यात पंतांनी विचारलं, "बाबा, ही विणायला किती वेळ लागला?"

"लई येळ लागतो, महाराज."

"मग तुम्ही फार कमी सांगताय," पंत म्हणाले आणि त्यानं सांगितल्यापेक्षा जास्त पैसे पुढं धरले.

म्हाताऱ्यानं पैशाकडं पाहिलं, पंतांच्या खाकी कोटाकडं पाहिलं आणि घोंगडी ओढून मांडीखाली घेतली. "न्हाई इकायची."

"का रं?" मी म्हटलं.

"ह्यो मानूस जास्ती देतोय. ह्यात कायतरी सरकारी भानगड हाय. तुमी फुडं व्हा."

लढाईचे दिवस होते, त्याचंही चुकलं नाही. दुसऱ्या बाजाराला मी एकटा जाऊन, निम्म्यात सौदा करून, तीच घोंगडी आणली. पंतांना किंमत कळली तेव्हा ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझी धाकटी बहीण बेलापूरला दिलेली. घर जमीनजुमल्याचं, पण सासू कडक. पहिलं मूल तिकडंच गेलं, आणि सुतक फिटायच्या आत तिला रानात खुरपायला धाडलं, असं आमच्या कानावर आलं. त्यानंतरच्या पंचमीला मी तिला आणायला गेलो. सासरी ती हसतमुखानं वावरत होती. शेजारणी मला सांगत होत्या, "लई घट्ट पोरगी तुमची, डोळ्यातनं टिपूस काडलं न्हाई." आगगाडीतही ती गप्पागोष्टी करत आली. नगरला उतरलो, टांग्यातून घरी आलो. आमची बाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, तिच्यावरून ओवाळला, बाजूला टाकला. बहिणीनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि तिथंच खाली बसली. त्यानंतर ती जी रडली ते मी लिहू शकत नाही.

पंत ओट्यावर दगड धूत बसले होते. डोणीत हात तसाच बुडवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईला विचारलं, "वहिनी, एक विचारू? ती तिकडं का रडली नाही?"

"तिकडं कशी रडंल, भाऊजी? तिकडं सासू वरनं दाबून बसलेली. रडायला बी जागा लागती. हितं आली, दाब उतारला, पर आतली आग कुठं इजलीया? मंग पाझर फुटनारच की. माहेरवाशीण उंबऱ्यात आल्याबिगर रडत न्हाई."

"वहिनी, परत सांगा."

"परत काय सांगू? पोथीत लिवलंय व्हय?"

पंत अनवाणी खोलीत गेले आणि तो दगड घेऊन आले. चुलीसमोर, परातीच्या शेजारी, त्यांनी तो अलगद ठेवला. "ही बघा," म्हणाले, "ही पण तशीच आहे."

बाईनं पिठाचे हात पुसले, दगड फिरवून फिरवून पाहिला आणि पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "आगं बाई. किती रडलीया."

त्या दिवसापासून त्या दगडाला माहेरवाशीण हेच नाव पडलं. पंत म्हणाले, एवढी वर्षं मी जे पानं भरभरून लिहीत होतो आणि कुणाला पटवू शकलो नाही, ते एका शब्दात बसलं. त्यांना मी इतकं आनंदात पुन्हा पाहिलं नाही.

लढाई संपली. छावणीतली नोकरी संपली. पंतांनी आपलं म्हणणं पुण्याच्या त्या प्राध्यापकांना कळवलं होतं, आणि एक दिवस प्राध्यापक स्वतः मोटारीनं आले. गोरे, गुळगुळीत, बोलायला मधाळ. आमच्या ओट्यावर सतरंजी टाकली. पंतांनी त्यांना सगळं सांगितलं, जातानाचं आणि येतानाचं, आणि शेवटी माहेरवाशीण हा शब्द सांगितला. प्राध्यापक म्हणाले, "वा. सुंदर." मग त्यांनी दगड कुठल्या टेकडीचा ते विचारलं. पंतांनी टेकडीचं नाव सांगितलं. लांबलचक दक्षिणी नाव. प्राध्यापकांनी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पक्कं करून घेतलं.

मी बाजूला बसून त्यांचे डोळे बघत होतो. हवं असलेलं माणसाच्या डोळ्यांत दिसतं. ते पंतांकडं बघत नव्हते, दगडाकडं बघत होते.

"पुण्याला आमच्याकडे उत्तम यंत्र आहे," ते म्हणाले. "पातळ काप करून पाहू. पंधरा दिवसांत परत पाठवतो."

मी म्हटलं, "काप इथंच काढून घ्या, दगड राहू दे." पंतांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पाहुण्यांच्या ताटातली पोळी उचलली.

दगड निघाला तेव्हा बाई आतून करंडा घेऊन आली. "माहेरवाशीण निघाली, तिला मोकळी कशी धाडायची?" असं म्हणून हसत हसत तिनं दगडाला हळदकुंकू लावलं आणि वर चार तांदूळ टाकले. प्राध्यापकही हसले. दगडाच्या एका बाजूला खोल फट होती, कुंकू तिच्यात उतरलं. मग दगड रुमालात बांधला आणि मोटारीत गेला.

पंधरा दिवस झाले. मग पंत पुण्याहून येणाऱ्या मोटारीच्या वेळेला अड्ड्यावर जाऊन उभे राहू लागले. क्लीनरलोक ओळखीचे झाले. लांबूनच ओरडत, "न्हाई आलं काय, पंत." असे कितीतरी दिवस गेले. दगड धुणं त्यांनी बंद केलं. विचारलं तर म्हणत, "पुण्यात कामं फार असतात."

पुढं मी खाणीच्या सामानासाठी पुण्याला गेलो असताना एका फळ्यावर त्या प्राध्यापकांच्या व्याख्यानाची सूचना पाहिली. आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसलो. टेबलावर मखमलीवर तो दगड होता. प्राध्यापक म्हणाले, मद्रास इलाख्यातल्या एका टेकडीवर, माझ्या प्रवासात मला हा नमुना मिळाला. मग त्यांनी सगळं सांगितलं, जातानाचं आणि येतानाचं. ओझं उतरतं, ऊब उतरत नाही. मी हेच शब्द माझ्या ओट्यावर ऐकले होते, त्याच क्रमानं. आणि शेवटी जरा थांबून, लोकांकडं बघून ते म्हणाले, "मी या दगडाला माहेरवाशीण म्हणतो." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बायका होत्या, त्यातल्या दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला.

मग कुणीतरी उठून विचारलं, या फटीत जे तांबडं दिसतंय ते काय? प्राध्यापकांनी छडी टेकवून दाखवलं. "उत्तम प्रश्न. दगड पृष्ठभागाजवळ आल्यानंतर, अगदी शेवटच्या टप्प्यात, फटीतून पाणी झिरपून साठलेला हा लोहाचा गंज आहे."

माझ्या बायकोचं कुंकू होतं ते.

मी उभा राहिलो आणि पुढची खुर्ची धरून तसाच राहिलो. रागानं माझी अशी गत होते, एक तर आरडाओरडा नाहीतर मुकाटपणा. लोक पांगले, दगड आत गेला, मी रस्त्यावर आलो.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं पंत पेटून उठतील. कुंकवाचं ऐकल्यावर ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, बाईनं पाणी दिलं. ती म्हणाली, "आन् माजी हळद? ती न्हाई दिसली व्हय त्येंला?" त्यावर ते आणखी हसले. मग डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, "शब्द ऐकल्यावर लोकांना समजलं?"

"समजलं."

"मग ठीक आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "दगड त्यांच्याकडेच राहील आता. दुसरा आणला पाहिजे. त्याच टेकडीवर असेल. एक असला म्हणजे दुसराही असतो."

मी म्हटलं, पुण्याला चला, मी मागून घेतो, मागायचं कसं ते मला येतं. ते म्हणाले, "तुम्ही मागून आणलेला दगड ते आपलाच म्हणत राहतील. मी नव्यानं काढलेला त्यांना आपला म्हणता येणार नाही." त्यांना गाऱ्हाणं करायचं नव्हतं, फक्त साक्षीदार हवा होता. त्या वयात, तसल्या तब्येतीत, पुन्हा तिथं जाऊ नका असं बाईनं परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मला माहेरी जाऊ द्या की."

मी स्टेशनवर पोचवायला गेलो. घोंगडी खांद्यावर होती. मी टेकडीचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि उतरायचं स्टेशनही सांगितलं. गाडी गेल्यावर मी ती दोन्ही नावं घोकत निघालो. वाटेत एका टांगेवाल्यानं चाक माझ्या पायाला घासलं आणि वर मलाच बोलला. मी त्याची गचांडी धरली. चार माणसं सोडवायला आली. घरी पोचलो तेव्हा दोन्ही नावं गेली होती. त्या टांगेवाल्याचा राग मला अजून आहे.

पंत परत आले नाहीत. पोचल्याचंही काही कळलं नाही. पहिल्या पावसाळ्यापर्यंत आम्ही वाट पाहिली आणि पुढंही पाहत राहिलो. खोली मी कुणाला दिली नाही. विचारायला माणसं येतात, मी भलतंच भाडं सांगून घालवतो. बाई आत झाडून घेते, खोकी हलवत नाही. खाणीवर माणसं नसली की मी एखादा दगड चाटून पाहतो. मला काही कळत नाही.

शेवटी मी पुण्याला प्राध्यापकांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मी सांगितलं, दगड परत द्या. ते म्हणाले, "तो आता संस्थेचा आहे." मी म्हटलं, बरं, तर मग ज्याचा शोध त्याचं नाव लावा. ते म्हणाले, "शास्त्रात तसं नसतं. आपण धंदेवाईक माणूस, आपल्याला समजावणं कठीण आहे." मग जरा पुढं सरकून म्हणाले, संस्थेची नवी इमारत होतेय, काळा दगड पुष्कळ लागणार आहे, आपल्यासारख्या माणसाचा विचार करता येईल.

मी मोठा त्यागी माणूस नाही. तो ठेका मला हवा होता, आणि माझ्या डोळ्यांत ते त्यांना दिसलं असणार. पण मी म्हटलं, "ठेका राहू द्या. टेकडीचं नाव तेवढं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा असा उतरवत आणला होता, दगडावरून पंतांच्या नावावर, आणि पंतांच्या नावावरून नुसत्या टेकडीच्या नावावर. इतक्या स्वस्तात मी कधी काही मागितलं नाही. ते म्हणाले, "ते सांगता येणार नाही. संशोधनाचा विषय आहे. बाहेर फुटलं तर उद्या दहा जण तिथं जातील."

"एक मानूस आधीच ग्येलाय तिथं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या बंगल्यातली माणसं कुंपणाशी आली. गड्यानं मला फाटकापर्यंत आणलं.

म्हणून हे लिहिलं. प्राध्यापक महाशय, दगड ठेवा. टाळ्या ठेवा. पाहिजे तर तो शब्दही ठेवा, आमच्या घरात त्याची कमतरता नाही. मी भाव उतरवत इथपर्यंत आलो आहे, याच्या खाली येणार नाही. ती टेकडी कोणती आणि तिथं जायला कुठल्या स्टेशनवर उतरायचं, एवढं छापून कळवा. मी त्याच दिवशी निघेन. तिथं कुणी घोंगडी पांघरलेला म्हातारा राहतो का, राहत होता का, कुणी त्याला अखेरचं पाणी पाजलं का, हे मला तिथल्या माणसांना विचारायचं आहे. आणि नाव सांगणार नसाल, तर माझी बायको रोज दारात येऊन रस्त्याकडं बघते, तिला काय सांगू तेवढं तुम्ही सांगा. दोन्हींपैकी एकाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.